‘आत्मक्लेश’ या शब्दाची झडती

मित्रहो, कवितेतला शब्द आपण चारी बाजूंनी ठोकून बघतो. पुढाऱ्याच्या माफीतला शब्द मात्र तसाच गिळतो. म्हणून ही झडती.

2013 चा दुष्काळ. उजनीचं पाणी सोडा म्हणून आमच्या सोलापूर जिल्ह्यातला एक शेतकरी मुंबईला आझाद मैदानात उपोषणाला बसलेला. 6 एप्रिलला इंदापूर तालुक्यातल्या सभेत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्याची टर उडवली. धरणात पाणीच नाही तर मुतायचं का, असं विचारलं.

राज्यभर बोंब झाली तशी माफी आली. आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक, असंही म्हणाले. ‘चूक’ हा शब्द सरळ होता. पण 14 एप्रिलला ते कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी दिवसभर उपाशी बसले. त्याला नाव आत्मक्लेश. आपल्या वस्त्या त्या दिवशी बाबासाहेबांच्या जयंतीनं निळ्या झालेल्या.

आता शब्द फोडू. आत्म म्हंजे स्वतः, क्लेश म्हंजे त्रास. गुन्हेगार तोच, न्यायाधीश तोच, शिक्षा मोजणाराही तोच. ज्याची टर उडवली तो शेतकरी या शब्दात कुठंच नाही. उपास दोघांचाही. एकाचा महिन्याहून जास्त, पाण्यासाठी. दुसऱ्याचा एक दिवस, स्वतःच्या शुद्धीसाठी.

ही शुद्धी आपल्या ओळखीची आहे. 1927 साली आपण पाणी प्यालो म्हणून महाडचं चवदार तळं सनातन्यांनी 108 घागरी पंचगव्य ओतून ‘शुद्ध’ केलं. त्यात गोमूत्र होतंच. आपल्या माणसांची डोकी फोडली, त्याचं प्रायश्चित्त मात्र त्यांच्या पोथीत निघालं नाही.

26 ऑगस्ट 2024 ला मालवणचा शिवरायांचा पुतळा कोसळला, उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. 30 तारखेला पालघरला पंतप्रधान मोदींनी महाराजांच्या चरणी डोकं टेकवून माफी मागितली. महाराज काय उलटतपासणी घेणार? माफी वर मागितली की खाली जाब द्यावा लागत नाही.

मी गिरणीत साच्यावर उभा असतो. ‘धागा तुटला’ म्हटलं की जॉबर विचारतो, तुटला का तोडला? पुढाऱ्याच्या तोंडी कायम ‘तुटला’. ‘चूक झाली’, ‘भावना दुखावल्या असतील तर’. करणारा गायब, आणि ‘तर’ लावून दुखणारालाच संशयित केलेलं.

आमच्या वैरागच्या बाजारात मापात मारलं तर माप भरून द्यावं लागतं. दुकानदारानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली म्हणून गिऱ्हाईकाची पिशवी भरत नाही.

दोस्तांनो, माफी ऐकली की तीनच गोष्टी विचारा. कुणी केलं? कुणाचं केलं? भरून काय देणार? आणि ही झडती निळ्या झेंड्याखालच्यांचीही घ्या. आपलेही म्हणतात, ‘परिस्थितीमुळं तडजोड झाली.’ सही परिस्थितीनं केली होती का?

जय भीम.