'घर्म' ते 'घाम' : उष्णतावाचक शब्दांच्या अर्थांतराचा विचार

लॅटिनमधील 'कालोर' हा उष्णतावाचक शब्द रोमान्स भाषांत अर्थाच्या दृष्टीने फारसा हलला नाही. इटालियनमध्ये तो 'कालोरे' झाला, स्पॅनिश व पोर्तुगीजमध्ये 'कालोर' राहिला, फ्रेंचमध्ये 'शालर' झाला. फ्रेंचमध्ये आद्य ध्वनीबरोबर लिंगही बदलले, पण अर्थ उष्णता हाच. शास्त्रीय परिभाषेतून आपल्याकडे आलेली 'कॅलरी' त्याच कुळातील होय. मराठीतील उष्णतावाचक शब्दांची वाटचाल इतकी सरळ नाही आणि आपल्या व्युत्पत्तिविचाराने तिची पुरेशी दखल घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

'उष्ण', प्राकृत 'उण्ह', मराठी 'ऊन' ही परंपरा सर्वपरिचित आहे. 'ऊन ऊन भात' यातील विशेषण जुन्या अर्थाला धरून आहे. नाम मात्र सूर्यप्रकाशाचे झाले.

'घर्म' या शब्दाचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. वैदिक भाषेत 'घर्म' म्हणजे उष्णता. प्रवर्ग्य विधीतील तापविलेल्या पात्रालाही हेच नाव आहे. पुढे अमरकोशाने 'घर्म', 'निदाघ' आणि 'स्वेद' हे शब्द एकत्र दिले. म्हणजे घामाचा अर्थ संस्कृतातच आत शिरला होता. हिंदीच्या बोलींत आणि नेपाळीत 'घाम' हे ऊनच राहिले. मराठीने दुसरा अर्थ उचलला आणि पहिला टाकून दिला. अध्यापनात आपण याला 'अर्थांतर' असे नाव देऊन पुढे जातो. परंतु नाव देणे म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. झ्यूल ब्लोक यांचा १९२० चा ग्रंथ ध्वनी आणि रूप यांचा विचार करतो, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्तिकोश' शब्दाला त्याच्या मुळाशी नेऊन पोहोचवतो. दोन्ही कार्ये थोरच. तथापि त्यांच्या मागून आलेल्या आपण ध्वनिबदलाला नियम आणि अर्थबदलाला अपघात मानण्याची सवय लावून घेतली. येथे तर कारणाचे नाव परिणामाला मिळाले आहे, आणि प्रवास तेथेही थांबत नाही. 'घाम गाळणे', 'घामाचा पैसा' या प्रयोगांत शब्द श्रमापर्यंत पोहोचतो. बजाजनगरसारख्या कामगार वसाहतीतून येणाऱ्या विद्यार्थ्यासमोर केवळ 'अर्थांतर' एवढेच फळ्यावर लिहिणे फार अपुरे वाटते.

'घर्म' सोडून गेलेली जागा फारसीतून आलेल्या 'गरम'ने बऱ्याच अंशी भरली. हे दोन्ही शब्द एकाच इंडो-युरोपीय धातूचे, म्हणजे घरचा वारस दूर गेल्यावर चुलतभावाने घर सांभाळावे तसा हा प्रकार! 'गरमी' हे मात्र मराठीत उपदंशाचेही नाव झाले. घामाला प्रतिष्ठा लाभली, गरमीच्या वाट्याला लाज आली. मूळ एक असूनही असे का घडले, हा प्रश्न ध्वनिनियमांनी सुटणारा नाही.

याच धातूपासून ग्रीकमध्ये 'थेर्मोस' झाला, 'थर्मामीटर' त्यातला. लॅटिनमध्ये भट्टीवाचक 'फुर्नुस' झाला, त्याचे पोर्तुगीज रूप 'फोर्नु', आणि गोव्यातील पाव भाजणाऱ्या पदेराची भट्टी कोंकणीत आजही 'फोर्न' म्हणून ओळखली जाते. 'कालोर'च्या शोधात रोमान्स भाषांकडे जाणाऱ्या मराठी अभ्यासकाला 'घामा'चा हा नातलग वाटेत गोव्यातच भेटतो.