कप राहतो, कप्तान जातो

प्रताप नगरात बसून मुंबई सिटीवर जीव लावायचा तर तो मोबाईलवरच. अंधेरीचं मैदान इथून 800 किलोमीटर. माझ्यासाठी क्लब म्हणजे खेळाडूंची नावं.

2021 ची आयएसएल फायनल बिपिन सिंगने 90व्या मिनिटाला जिंकून दिली. कप उचलणारा अमरिंदर सिंग पुढच्याच हंगामात एटीके मोहन बागानकडे, म्हणजे हरवलेल्या संघातच गेला. प्रशिक्षक लोबेराही गेले. 2024 मध्ये पुन्हा बागानला 3-1 हरवलं. मग कप्तान राहुल भेके, आपला मुंबईकर, बंगळुरूकडे गेला आणि मधली फळी सांभाळणारा अपुइया बागानकडे.

व्यवस्थापनाला संघ बांधता येतो, जपता येत नाही. छांगते राहिला, त्याला कप्तानही केलं. हे आधीच सुचायला हवं होतं.