ग्रीक तत्त्वज्ञानाचा प्रारंभ : एक चिकित्सा

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, तर आरंभीच थेलिसचे नाव आढळते. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील मायलीटस या ग्रीक नगरीत इ.स.पू. सहाव्या शतकात होऊन गेलेल्या या विचारवंताने सर्व वस्तूंचे मूळ पाणी होय असे सांगितले आणि तेथून तत्त्वज्ञान सुरू झाले, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. फ्रेंच पंडित एर्नेस्त रनाँ यांनी एकोणिसाव्या शतकात ग्रीक संस्कृतीच्या उदयास 'चमत्कार' म्हटले आणि हा शब्द पुढे रूढ झाला. ज्या विचाराने जगाचा उलगडा करताना चमत्कारांना रजा दिली, त्याच विचाराच्या जन्मास चमत्कार म्हणावे, ही विसंगती आहे. म्हणून या मांडणीची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम प्रश्न असा की, हा प्रारंभ ठरविला कोणी? थेलिसचे स्वतःचे लेखन आज उपलब्ध नाही. त्याला तत्त्वज्ञानाच्या या परंपरेचा प्रवर्तक ठरविले ते ॲरिस्टॉटलने, 'मेटॅफिजिक्स' या ग्रंथाच्या पहिल्या भागात, म्हणजे थेलिसनंतर सुमारे दोन शतकांनी. ॲरिस्टॉटलचा हेतू इतिहास लिहिण्याचा नव्हता. आपल्या कारणमीमांसेचा पाया पूर्वसूरींच्या विचारांत कितपत सापडतो, हे त्यास तपासावयाचे होते. त्यामुळे पूर्वीचे सारे विचारवंत त्याच्या सिद्धांताकडे चाचपडत निघालेले प्रवासी बनतात. थेलिसचा अनुयायी ॲनॅक्झिमँडर याचे एखादेच वचन आज उरले आहे, आणि तेही सिम्प्लिसियस या इ.स. सहाव्या शतकातील भाष्यकाराने उद्धृत केले म्हणून. इतक्या अल्प सामग्रीवर उभा असलेला प्रारंभ निर्विवाद मानणे इतिहासाच्या शिस्तीस धरून नाही.

मग मायलीटसच्या विचारवंतांचे श्रेय काय? आमच्या मते ते 'पाणी' या उत्तरात नाही. थेलिसने पाणी म्हटले. ॲनॅक्झिमँडरने ते नाकारून मूलतत्त्व अमर्याद व अनिश्चित असले पाहिजे असे मांडले. त्याच्यानंतर ॲनॅक्झिमिनीझने वायू हे मूळ मानून, तो विरळ वा घन होण्याने पदार्थ कसे बनतात याची प्रक्रिया सांगितली. पृथ्वी पाण्यावर तरंगते असे थेलिसचे मत होते. ॲनॅक्झिमँडरने पृथ्वीला कोणताच आधार दिला नाही. ती सर्व बाजूंनी समान अंतरावर असल्यामुळे कोणत्याही एका दिशेस सरकण्याचे तिला कारण नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. एकाच नगरीत तीन पिढ्यांनी पूर्वसूरींचे मत खोडून काढले आणि तरीही परंपरा तुटली नाही. कार्ल पॉपर यांनी १९५८ साली नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले : गुरुवचन जसेच्या तसे जतन करण्याऐवजी त्याची चिकित्सा करणे हीच येथे परंपरा झाली. त्याच शतकातील झेनोफनीझने तर देवांच्या कल्पनेलाच हात घातला. प्रत्येक समाज आपल्या रंगरूपाचे देव घडवितो. पशूंना हात असते तर त्यांनीही आपल्यासारखेच देव रेखाटले असते, असा त्याच्या काव्याचा आशय आहे.

तथापि ही विचारसरणी पोकळीत उपजली नाही. मायलीटस हे व्यापारी बंदर होते. लिडिया, इजिप्त, फिनिशिया यांच्याशी ग्रीकांचा संबंध होता. ज्या लिपीत ग्रीक लिहू लागले ती फिनिशियन लिपीपासून बनली. इ.स.पू. ५८५ च्या सूर्यग्रहणाचे भाकीत थेलिसने केले असे मानले जाते; ते त्याने खरोखर केले काय, याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु ग्रहणांच्या नोंदी ठेवण्याचे काम बाबिलोनियात त्यापूर्वी शतकाहून अधिक काळ चालू होते, हे निश्चित. येथे आणखी एक सावधगिरी राखली पाहिजे. ग्रीकांनी सर्व काही भारतातून नेले, असे अभिमानाने सांगणारे लेखन आपल्याकडे होते. थेलिस वा ॲनॅक्झिमँडर यांच्यावर भारतीय विचाराचा प्रभाव पडल्याचा प्रत्यक्ष पुरावा नाही. जो निकष आपण युरोपीय अभिमानास लावतो, तोच स्वतःसही लावला पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. ज्ञान कोठून उपजते? इजिप्तमधील गणिताविषयी दोन ग्रीक लेखकांनी दोन भिन्न उत्तरे दिली आहेत. हेरोडोटस सांगतो की, नाईल नदीने शेताचा तुकडा वाहून नेला, की सारा कमी करण्यासाठी उरलेली जमीन मोजावी लागे. या मोजणीतून भूमिती निघाली व ती ग्रीसला गेली. ॲरिस्टॉटल मात्र म्हणतो की, इजिप्तच्या पुरोहितवर्गास सवड होती, म्हणून तेथे गणिती शास्त्रे उदयास आली. पहिल्या उत्तरात शेत, नदी, सारा आणि मोजणीदार आहेत. दुसऱ्यात केवळ सवड आहे. ती सवड कोणाच्या श्रमावर मिळाली, हा प्रश्न ॲरिस्टॉटलने या ठिकाणी विचारला नाही. 'पॉलिटिक्स' या ग्रंथात मात्र त्याने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे : दास हे सजीव साधन असून काही माणसे निसर्गतःच दास असतात.

हा त्या काळाचा सर्वमान्य समज होता, असे म्हणून ॲरिस्टॉटलला सोडून देता येत नाही. दास्य निसर्गाविरुद्ध असून ते केवळ रूढीने व बळाने निर्माण झाले आहे असे मानणारे लोक आहेत, हे तो स्वतःच त्याच ग्रंथात नमूद करतो. त्यांची नावे मात्र देत नाही. निसर्गाने कोणासही दास केलेले नाही, असे गोर्जियसचा शिष्य अल्सिडॅमस याने म्हटल्याचे आपणांस एका जुन्या टीपेवरून कळते. इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस येथे सापडलेले अँटिफॉनच्या लेखनाचे पपायरस १९१५ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याचा आणखी एक तुकडा १९८४ साली. ग्रीक आणि परकीय हे निसर्गतः सारखेच आहेत, सर्वच तोंडाने व नाकाने श्वास घेतात, असा त्यातील युक्तिवाद आहे. समतेचा विचार ग्रीसमध्ये होता. तो मांडणाऱ्यांचे ग्रंथ मात्र टिकले नाहीत. अणुवादी डेमॉक्रिटसच्या ग्रंथांची लांबलचक यादी डायोजेनिस लेअर्टियसने दिली आहे, पण त्यांपैकी एकही संपूर्ण उरला नाही. प्लेटोने आपल्या संवादांत त्याचे नावही घेतलेले नाही.

येथे प्लेटोचा विचार करणे अटळ आहे. 'रिपब्लिक'मध्ये त्याने समाजाचे तीन वर्ग कल्पिले व धातूंची कथा रचून ते लोकांच्या गळी उतरविण्याचा मार्ग सुचविला. वर्गांत अदलाबदल होऊ शकते, स्त्रियाही राज्यरक्षक होऊ शकतात, हे त्याने मान्य केले. त्याचे हे श्रेय नाकारू नये. परंतु माणसांच्या असंख्य व भिन्न शक्ती तीन कप्प्यांत बसविता येतील, हा त्याचा समज सदोष होता. जॉन ड्यूई यांनी १९१६ च्या 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन'मध्ये हा दोष दाखविला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि ड्यूई तेथे अध्यापन करीत होते. १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये चातुर्वर्ण्याच्या समर्थकांना उत्तर देताना बाबासाहेबांनी प्लेटोवरील हीच टीका हाती घेतली आणि गुणकर्मानुसार चार वर्ग पाडण्याची कल्पनाही त्याच कारणाने अव्यवहार्य ठरते, हे दाखवून दिले. श्रम व ज्ञान यांची फारकत ग्रीक तत्त्वज्ञानाने समाजरचनेतून उचलली, हे ड्यूई यांचे विवेचन आपल्याकडील अभ्यासकांनी मुळातून वाचावे.

ग्रीक तत्त्वज्ञानाचा अव्हेर करा, असे आम्ही म्हणत नाही. चिकित्सेचे जे शस्त्र मायलीटसने जगाला दिले, त्याच शस्त्राने ॲरिस्टॉटलचा दासविचार कापला जातो. मात्र हा इतिहास शिकविताना थेलिसपासून प्लेटोपर्यंतचा एकच सरळ रस्ता दाखवू नये. नाईलच्या काठी जमीन मोजणारे हात आणि ग्रहणांची नोंद करणारे बाबिलोनी लेखनिक पहिल्या प्रकरणात आले पाहिजेत. अँटिफॉन व अल्सिडॅमस यांना तळटीपेत न ढकलता ॲरिस्टॉटलच्या समोर उभे केले पाहिजे. मराठीत असे पाठ्यपुस्तक सिद्ध झाल्यास आमच्या विद्यार्थ्यांना ग्रीक तत्त्वज्ञान केवळ पाठ न करता त्याच्याशी वाद घालता येईल.