बहुविद्याशाखीय संशोधनपत्रिका आणि परीक्षणाची जबाबदारी : एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालये प्रसिद्ध करीत असलेल्या बहुविद्याशाखीय संशोधनपत्रिकांपैकी कोणतीही हाती घेतली, तर अनुक्रमणिकेत विमानविद्या, राज्यव्यवस्था, वैद्यक, सैनिकांचे मानसिक आरोग्य असे परस्परांपासून दूरचे विषय एकापाठोपाठ एक आलेले दिसतात. या विविधतेचे कौतुक होते आणि ते काही अंशी रास्तही आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयाला प्रत्येक विद्याशाखेसाठी स्वतंत्र पत्रिका काढणे शक्य नसते. तेव्हा सर्वांनी एकाच अंकात लिहावे, हे व्यवहाराला धरूनच आहे. परंतु एका मुखपृष्ठाखाली अनेक विषय आले म्हणजे बहुविद्याशाखीय संशोधन घडले, असे म्हणता येईल काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा तीन उदाहरणांच्या आधारे करावयाची आहे. अशा पत्रिकेचे मूल्य तिच्यात किती विषय आले यावर ठरत नाही. प्रत्येक लेख त्या विषयाच्या जाणकाराने, आणि आवश्यक तेथे एकाहून अधिक विषयांच्या जाणकारांनी, तपासला की नाही यावर ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

१. विमानविद्या : एक दंतकथा आणि तिची तपासणी

मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचे विमान उडविले, ही कथा मराठी वाचकाला परिचित आहे. राइट बंधूंच्या १९०३ मधील उड्डाणाच्या आठ वर्षे आधीची ही घटना म्हणून ती अभिमानाने सांगितली जाते. तथापि या उड्डाणाचा सर्वमान्य समकालीन पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. या कथेशी ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाचे नाव जोडले जाते. भरद्वाज ऋषींच्या नावावर सांगितला जाणारा हा ग्रंथ प्रत्यक्षात पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि तो लिहून घेण्यात आला. तळपदे यांचे निधन १९१६ मध्ये झाले होते. केवळ हा कालक्रम मांडला, तरी आज उपलब्ध असलेली संहिता समोर ठेवून १८९५ चे विमान बांधले गेले, हे म्हणणे टिकत नाही.

१९७४ मध्ये बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभू व एस. पी. गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी या ग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. हे अभ्यासक अभियांत्रिकीचे होते. तरीही त्यांनी आरंभ अभियांत्रिकीपासून केला नाही. ग्रंथ कोणाकडून, केव्हा, कसा आला याचा त्यांनी माग काढला. त्यातील संस्कृत भाषा वैदिक काळाशी जुळते काय, हे पाहिले. त्यानंतर शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या विमानांची वर्णने आणि आकृत्या यांना उड्डाणाचे नियम लावून पाहिले. ग्रंथ १९०४ पूर्वीचा असू शकत नाही आणि वर्णिलेले एकही विमान उडण्यास समर्थ नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्या आकृत्याही प्राचीन नसून बंगळूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील आरेखकाने काढलेल्या होत्या.

या निबंधाचे महत्त्व त्याच्या निष्कर्षाइतकेच त्याच्या पद्धतीत आहे. केवळ संस्कृतज्ञाने हा ग्रंथ वाचला असता, तर श्लोक निर्दोष आहेत एवढे सांगून तो थांबला असता. केवळ अभियंत्याने वाचला असता, तर अनुवाद चुकला असेल, या आक्षेपाला त्याच्यापाशी उत्तर नसते. भाषा आणि गणित यांचे पुरावे एकत्र आले म्हणून निर्णय ठाम झाला. बहुविद्याशाखीय या शब्दाचा खरा अर्थ येथे दिसतो.

पुढे जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२ व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये कॅप्टन आनंद बोडस व अमेय जाधव यांनी प्राचीन भारतीय विमानविद्येवरील निबंध सादर केला. त्यावर देशभर वाद झाला. वादात अनेकांनी १९७४ च्या निबंधाची आठवणही करून दिली. परंतु चर्चेचा मुख्य सूर कोण कोणत्या राजकीय बाजूचा, हाच राहिला. परंपरेचा अभिमान असणे आणि एखाद्या ग्रंथाचा काळ ठरविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा निर्णय मनाने होतो, दुसरीचा पुराव्याने. राजकारणाने दोहोंची गल्लत केली, तर ते समजण्यासारखे आहे. संशोधनपत्रिकेने मात्र ती करता कामा नये. तळपदे यांच्यावरही अशा गल्लतीने अन्यायच होतो. साधने तुटपुंजी असताना उड्डाणाचा ध्यास घेणाऱ्या त्या मराठी माणसाचे जे काही खरे कार्य असेल, ते दंतकथेच्या ओझ्याखाली दबून जाते.

२. वैद्यक : सिकलसेल आणि नंदुरबार

दुसरे उदाहरण आपल्या अंगणातले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. सिकलसेल हा येथील आरोग्याचा गंभीर प्रश्न आहे. २०२३ मध्ये केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि २०४७ हे उद्दिष्टाचे वर्ष ठरविले. साहजिकच या विषयावर आमच्या परिसरातून लेख येतात व यापुढेही येतील.

समजा, एखाद्या लेखकाने आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांची सोल्युबिलिटी चाचणी केली आणि अमुक टक्के विद्यार्थी ‘सिकलसेलचे रुग्ण’ आढळले, असे लिहिले. भाषेच्या प्राध्यापकाला यात काही वावगे दिसणार नाही. परंतु ही चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच दाखविते; ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम पुढची तपासणी करावी लागते. वाहकाला सहसा आजाराचा त्रास होत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. लेखातील हा एक शब्द चुकला, तर एका निरोगी मुलीवर रुग्ण असल्याचा शिक्का बसतो आणि त्याचे पडसाद तिच्या लग्नापर्यंत उमटू शकतात.

येथेही एकट्या वैद्यकाने भागत नाही. आश्रमशाळेतील मुलांवरून संपूर्ण तालुक्याचा अंदाज बांधता येतो काय, हे संख्याशास्त्राने सांगावयाचे. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे पाहणीतून सुटली काय, हे समाजशास्त्राने विचारावयाचे. संमतिपत्र मराठीत होते आणि पालक पावरी किंवा भिली बोलणारे होते, तर त्यांनी नेमकी कशाला संमती दिली, हा भाषेच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. अक्कलकुवा वा धडगावच्या पाड्यावरील आईला ‘वाहक’ या शब्दाचा अर्थ काय समजला, याचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळणार नाही.

३. सैनिकाचे मन : पत्र कोणाचे?

तिसरे उदाहरण सैनिकांच्या मानसिक आरोग्याचे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुत येथे ६ व्या पुणे डिव्हिजनला तुर्की सैन्याने वेढले. त्यात १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीने संपला. अन्न संपत आले, तरी अनेक भारतीय सैनिक घोड्याचे मांस खाण्यास दीर्घकाळ तयार नव्हते. याच सुमारास, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स यांच्या ‘लॅन्सेट’मधील लेखाने ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय लेखनात आणली होती. वेढ्यातील मराठा सैनिकाच्या मनाचे काय झाले, हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. परंतु मांस नाकारण्यामागे धर्मभावना होती, गावी परतल्यावर जातीबाहेर टाकले जाण्याची भीती होती, की उपासमारीतून आलेली उदासीनता होती, हे ठरविण्यासाठी इतिहास, समाजशास्त्र आणि आहारशास्त्र यांच्याकडे जावेच लागते.

अशा अभ्यासात सैनिकांच्या पत्रांचा आधार घेतला जातो. फ्रान्समधील आघाडीवरून भारतीय सैनिकांनी पाठविलेली पत्रे परीक्षकांच्या डोळ्यांखालून जात असत आणि त्यांतील उताऱ्यांची भाषांतरे अहवालांत जपली गेली. अनेक सैनिक निरक्षर असल्याने मजकूर दुसराच कोणी लिहून देई. म्हणजे अभ्यासकापुढे येणाऱ्या वाक्यात सांगणारा, लिहिणारा, भाषांतर करणारा आणि तपासणारा असे चार आवाज मिसळलेले असतात. सैनिकाने ‘मी सुखरूप आहे’ असे लिहिले, तर ती त्याची मनःस्थिती मानावी, की आईला दिलेला धीर, की परीक्षकाला दिलेले उत्तर? हा पाठचिकित्सेचा प्रश्न आहे आणि तो साहित्याच्या अभ्यासकालाच प्रथम सुचतो. आजच्या जवानांना प्रश्नावली देऊन केलेल्या पाहणीसही हेच लागू आहे. प्रश्नावली कोणी वाटली, उत्तरे कोणाच्या हाती पडणार होती, हे न सांगणाऱ्या लेखातील टक्केवारीवर विश्वास ठेवणे कठीण आहे. ताण असल्याचे कबूल केले तर नोकरीवर परिणाम होईल, अशी शंका असलेला जवान काय लिहील, हे सांगावयास नको.

४. परीक्षण न झाल्यास

प्रस्तुत लेखकाला येथे स्वतःचा अनुभव नोंदविणे आवश्यक वाटते. एम.फिल. झाल्यानंतर त्याने एका बहुविद्याशाखीय पत्रिकेकडे पहिला निबंध पाठविला. शुल्क भरले आणि चौथ्या दिवशी स्वीकृतीचे पत्र आले. परीक्षकाचा एकही प्रश्न नव्हता. निबंधात धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा १९८८ मध्ये निर्माण झाला, असे लिहिले गेले होते. वास्तविक ती तारीख १ जुलै १९९८ आहे. चूक लेखकाचीच होती. पत्रिकेने ती जशीच्या तशी छापली. दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पात तेच १९८८ साल आढळले आणि आधार म्हणून त्या निबंधाचाच उल्लेख होता. विद्यार्थ्याने गुरुजनांच्या छापील शब्दावर विश्वास ठेवला होता. त्याला चुकीबद्दल गुण कमी देताना लेखकाला जे वाटले, त्यातूनच प्रस्तुत लेख लिहिला गेला आहे.

हा प्रकार अपवादात्मक नाही. २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि प्रकाशित लेखांची संख्या हा प्राध्यापकाच्या जीवनातील महत्त्वाचा आकडा झाला. २०१८ मध्ये पुण्यातील भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीचे विश्लेषण प्रसिद्ध केले. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या पत्रिकांच्या नमुन्यापैकी ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका दर्जाहीन असू शकतात, असे त्यांना आढळले. अपुरा पत्ता, चुकीचा आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टरविषयीचे खोटे दावे ही त्यामागील कारणे होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. पुढे केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचे आयोगाने जाहीर केले. पत्रिका पारखण्याचे काम आता संस्थांवर व अध्यापकांवर आले आहे. यादीत नाव आहे, असे सांगून सुटका करून घेण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.

यावर असा आक्षेप येईल की, कठोर परीक्षण केल्यास ग्रामीण व आदिवासी भागातील नवोदित लेखक मागे पडतील. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. तथापि परीक्षण म्हणजे नकार नव्हे. ‘जिल्हानिर्मितीचे वर्ष पुन्हा पाहावे’ अशी एक ओळ परीक्षकाने लिहिली असती, तर प्रस्तुत लेखक मागे पडला नसता, सावरला असता. नवोदितांचा लेख न वाचता छापणे यात त्यांच्याविषयी आस्था नाही, अनास्थाच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रत्येक लेख किमान एका विषयतज्ज्ञाकडे आणि ज्या दुसऱ्या विषयाची साधने लेखात वापरली असतील, त्याच्या एका जाणकाराकडे पाठवावा. महाविद्यालयात जाणकार नसेल, तर शेजारच्या महाविद्यालयाकडे मागावा. नंदुरबारमध्ये २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आरोग्यविषयक लेखांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. पाहणीवरील लेखात माहिती कोणाकडून, कोणत्या भाषेत व कोणासमोर घेतली, हे सांगणे बंधनकारक असावे. आणि प्रत्येक अंकात मागील अंकातील चुकांच्या दुरुस्तीसाठी अर्धे पान राखून ठेवावे.

ते अर्धे पान रिकामे राहिले, तर चूक झालेली नाही असा त्याचा अर्थ होणार नाही. अंक कोणी वाचला नाही, असाच बहुधा होईल. जिल्हानिर्मितीच्या वर्षाची दुरुस्ती प्रस्तुत लेखकाने संबंधित पत्रिकेकडे पाठविली होती. ती छापून आली नाही, म्हणून येथे नोंदवीत आहे.