गळतीच्या वाटेनेच भरती

ल्यूक बर्गर यांचा 1996 सालचा एक शोधनिबंध मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या या भौतिकशास्त्रज्ञाने तो ‘फिजिकल रिव्ह्यू बी’ या नियतकालिकात लिहिला. धातूच्या पातळ चुंबकीय थरांतून वीज वाहू लागली की स्पिन लहरींचे काय होते, हा त्याचा विषय. सारी भिस्त युक्तिवादावर आहे आणि तो युक्तिवाद देखणा आहे.

चुंबकात असंख्य इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे जणू प्रत्येकाची चिमुकली चुंबकसुई, एकाच दिशेला रोखलेले असतात. एक ढळला की भोवऱ्यासारखा डोलू लागतो आणि शेजाऱ्यालाही डोलायला लावतो. हे डोलणे पुढे सरकत जाते, तीच स्पिन लहर. फेलिक्स ब्लॉख यांनी 1930 मध्ये ही कल्पना मांडली. लहरीचे दुखणे एकच: ती फार लवकर विरते.

बर्गर आधी हे दुखणे वाढवून दाखवतात. निबंधातली मला सर्वांत आवडणारी जागा हीच. तांब्यासारखा अचुंबकी धातू आणि चुंबक जिथे भेटतात, त्या सीमेवर फिरते इलेक्ट्रॉन लहरीशी अधिक घट्ट गुंततात, असे ते सांगतात. इलेक्ट्रॉन लहरीचा एक मॅग्नॉन, म्हणजे तिच्या ऊर्जेचा सर्वांत लहान हप्ता, गिळतो आणि त्याचा स्पिन उलटतो. म्हणजे सीमेजवळ लहर आणखीच लवकर विरणार. थर जितका पातळ, तितका या सीमेचा हिस्सा मोठा.

मग ते सीमेतून एकदिश प्रवाह सोडतात आणि सगळे पालटते. प्रवाहामुळे इलेक्ट्रॉनांच्या दोन उलट दिशांच्या स्पिनांचा समतोल ढळतो. हा ढळ मॅग्नॉनच्या ऊर्जेहून मोठा झाला, की गिळण्यापेक्षा सोडणे अधिक घडते: इलेक्ट्रॉन उलटतात आणि मॅग्नॉन बाहेर टाकतात. जो दुवा लहरीची ऊर्जा काढून घेत होता, तोच आता ती भरू लागतो. नवे बल कुठूनही आणलेले नाही, फक्त देवाणघेवाणीची दिशा बदलली. प्रवाह उलटा केला, तर मात्र लहर पूर्वीहूनही लवकर विरते. योग्य दिशेने तो वाढवत नेला, की एका टप्प्यावर थरातली बाकीची गळतीही भरून निघते आणि चुंबकीकरण आपणहून डोलू लागते. बर्गर याची तुलना अर्धवाहक लेसरशी करतात. ती शोभेची नाही, कारण उत्तेजित उत्सर्जनाचा, म्हणजे असलेल्या लहरीमुळेच तिच्यात आणखी भर पडण्याचा, हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. जाता जाता, सीमेवर उमटणाऱ्या जादा व्होल्टतेचे सूत्र अतिवाहकांमधल्या जोसेफसन संधीच्या सूत्रासारखे निघते, हेही ते दाखवतात.

प्रयोगांनी फार वाट पाहायला लावली नाही. 1998 मध्ये त्सोई आणि सहकाऱ्यांनी कोबाल्ट-तांब्याच्या थरांवर धातूचे टोक टेकवून प्रचंड घनतेचा प्रवाह सोडला आणि उत्तेजनाची खूण त्यांना प्रवाहाच्या एकाच दिशेत दिसली. 2003 मध्ये कॉर्नेलच्या गटाने अशा डोलण्यातून निघणारे मायक्रोवेव्ह संकेत थेट मोजले.

आयबीएमच्या जॉन स्लोंचेव्स्की यांनीही 1996 मध्येच, स्वतंत्रपणे, हाच परिणाम टॉर्कच्या, म्हणजे चुंबकीकरणाला वळवणाऱ्या पिळाच्या, भाषेत मांडला. 2013 चे संघनित द्रव्य भौतिकीतले बकली पारितोषिक दोघांना मिळून देण्यात आले. आकडेमोडीसाठी आज बहुतेक जण स्लोंचेव्स्की यांची मांडणी घेतात, आणि ती सोयीची आहेच. प्रवाहामुळे लहर मोठी का होते हे समजून घ्यायचे असेल, तर मात्र बर्गर आधी वाचावेत.