बत्तीस जणांचे काय झाले?

घोड्याचे नाव ‘सचिवालय’ असावे आणि तरीही तो पळावा, हा योग आपल्या मुलखात जुळणे कठीण. अमेरिकेत मात्र तो जुळला. व्हर्जिनियातील मेडो स्टेबल या तबेल्याच्या एका तांबड्या शिंगरासाठी पाठवलेली नावे एकामागून एक नाकारली गेली, तेव्हा तबेल्याच्या चिटणीसबाईंनी ‘सेक्रेटेरिएट’ हे नाव पाठवले. बाई पूर्वी राष्ट्रसंघाच्या कचेरीत कामाला होत्या, तेव्हा हा शब्द त्यांच्या तोंडी बसलेलाच होता. पुढे १९७३ साली या घोड्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती जिंकल्या. पंचवीस वर्षांत ते कुणाला साधले नव्हते. विल्यम नॅक या पत्रकाराने १९७५ साली त्याच्यावर पुस्तक लिहिले, आणि त्या पुस्तकाच्या आधाराने डिस्ने कंपनीने २०१० साली चित्रपट काढला. दिग्दर्शक रँडल वॉलेस. मालकीण पेनी चेनरी झाली आहे डायान लेन, आणि ट्रेनर लॉरीन झाला आहे जॉन माल्कोविच.

हा चित्रपट मी पुण्याला मामाकडे, मामाच्या शेजारी बसून पाहिला. मध्यावर एक प्रसंग येतो. पेनीचे वडील वारतात, वारसाहक्काचा कर डोक्यावर येतो, भाऊ आणि नवरा म्हणतात घोडा विकून टाक; आणि ती घोडा न विकता त्याचे बत्तीस भाग विकायला काढते. इथे मामा आरामखुर्चीत सावरून बसला. पुढे घोडा जिंकत गेला, गाणी झाली, टाळ्या झाल्या, पडद्यावर नावे सरकू लागली. मामा म्हणाला, “सगळे छान आहे रे. पण त्या बत्तीस जणांचे काय झाले?”

मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, आणि चित्रपटानेही ते दिलेले नव्हते. मग मी नॅकचे पुस्तक मिळवून वाचले आणि चित्रपट पुन्हा एकदा पाहिला. हा लेख त्यातून झाला.

मामाला असला प्रश्न पडावा याला कारण आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्याने तिघा मित्रांबरोबर शर्यतीच्या एका दोन वर्षांच्या घोड्यात रुपयात चार आणे भागी घेतली होती. घोडा देखणा, आईबाप नावाजलेले, ट्रेनर म्हणे ‘पोराला पाय आहेत.’ मामीने तेवढ्यावर विचारले, “चार आण्यांत यातला कुठला पाय आपला?” मामा म्हणाला, “पुढचा उजवा.” ते पावसाळ्याचे दिवस, पुण्याचा हंगाम. मामा पहाटे छत्री घेऊन सरावाच्या मैदानावर जायचा, खिशात गूळ. महिन्याच्या महिन्याला बिल यायचे: ट्रेनरचे, मोतद्दाराचे, नालबंदाचे, डॉक्टरचे. त्या बिलांत मात्र चार आण्यांचा हिशेब चोख असे. घोडा एकदा तिसरा आला. मग लंगडू लागला, आणि दुखावला होता तो नेमका पुढचा उजवा पाय. मामी त्यावर हसली नाही, एवढे मला आठवते.

आता चित्रपटाकडे वळतो. त्यात भाग विकण्याचा प्रसंग श्रद्धेच्या परीक्षेसारखा रंगवला आहे. पैसेवाले पुरुष एकामागून एक नकार देतात, पेनी डगमगत नाही, अखेर तबेलेदार ऑग्डेन फिप्स तिच्या धैर्यापुढे नमतो, आणि मग बाकीचे येतात. ज्यांनी नाकारले ते भित्रे, ज्यांनी घेतले ते पेनीवर विश्वास ठेवणारे. डायान लेनचा चेहरा असा आहे, की प्रेक्षकानेही तिथल्या तिथे खिशात हात घालावा. परंतु विकले जात होते ते नेमके काय, हे या प्रसंगातून कळत नाही. आणि माझ्या मते खरे नाट्य तिथेच आहे.

एका भागाची किंमत १,९०,००० डॉलर. बत्तीस भागांचे ६०,८०,००० डॉलर झाले. त्याआधी कुठल्याच घोड्याचा असा सौदा एवढ्या रकमेला झाला नव्हता. आणि एवढे मोजून शर्यतीच्या बक्षिसातला छदामही भागीदाराला मिळायचा नव्हता. बक्षिसे मेडो स्टेबलची, जॉकीच्या अंगावर निळापांढरा रंगही मेडो स्टेबलचा. भागीदाराचा हक्क एवढाच, की त्या वर्षाअखेर घोडा शर्यतींतून निवृत्त होऊन केंटकीतल्या क्लेबोर्न फार्मवर गेला, म्हणजे दर साली आपली एक घोडी त्याच्याकडे पाठवायची. घोडी अकरा महिने गाभण राहते. म्हणजे १९७३च्या फेब्रुवारीत ज्याने होकार दिला, त्याच्या पदरात पहिले शिंगरू १९७५ साली पडायचे, आणि ते पळते की नुसतेच खाते, हे कळायला १९७७ उजाडायचे.

हा होकार दिला तेव्हा घोडा तीन वर्षांचाही पुरता नव्हता. १९७२ साली तो नऊदा पळाला होता आणि सात शर्यती जिंकला होता. पहिल्या शर्यतीत धक्काबुक्कीत सापडून चौथा आला, आणि एक जिंकलेली शर्यत पंचांनी काढून घेतली. त्या सालचा सर्वोत्तम घोडा म्हणून त्याचा गौरवही झाला. पण त्याचा बाप बोल्ड रूलर. या बापाची पोरे लहानपणी विजेसारखी पळतात, अंतर वाढले की दम तोडतात, अशी त्याची ख्याती. आणि बेलमाँट शर्यत दीड मैलाची. तेव्हा ज्यांनी नकार दिला असेल, ते भित्रे नव्हते. ते पूर्वीच्या अनुभवावरून हिशेब करत होते, आणि तो हिशेब चुकलेला नव्हता. घोडा निराळा निघाला, एवढेच.

नॅकच्या पुस्तकात हा सगळा भाग भरघोस आहे. तिथे फोन फिरवणारा माणूस आहे सेठ हॅनकॉक. वय तेवीस; काही महिन्यांपूर्वीच बाप गेलेला, आणि क्लेबोर्न फार्मचा सारा व्याप अंगावर पडलेला. बापाच्या वयाच्या माणसांना तो फोन करतो आणि एका घोड्याची आजवर कुणी न ऐकलेली किंमत सांगतो. पेनी आणि सेठ दोघेही नुकतेच पोरके झालेले, आणि बाजारात दोघांचीही पत अजून ठरायची आहे. चित्रपटाने हा भार मुख्यतः पेनीच्या खांद्यावर ठेवला आहे. एका नायिकेच्या चित्रपटात तसे होणारच, म्हणून मी त्याबद्दल फार तक्रार करीत नाही.

तक्रार आहे ती रिव्हा रिजबद्दल. रिव्हा रिज हा याच तबेल्यातला घोडा. हाच ट्रेनर, हाच जॉकी रॉन टर्कॉट. १९७२ साली त्याने केंटकी डर्बी आणि बेलमाँट जिंकली आणि तबेल्याला हात दिला. चित्रपटात या घोड्याचे नावही नाही! कारण उघड आहे. आदल्याच वर्षी डर्बी जिंकलेली बाई बुडत्या घरची एकाकी गृहिणी म्हणून दाखवता येत नाही. पण रिव्हा रिज गाळल्यामुळे भागीदारांची बाजूही पार पुसली जाते. त्यांनी केवळ एका बाईच्या डोळ्यांतल्या तेजावर पैसे लावले नव्हते. डर्बी जिंकून देणारा ट्रेनर आणि जॉकी त्यांनी पाहिलेला होता. आमच्या मामानेही घोड्याच्या डोळ्यांत तेज पाहिले होते आणि त्याची श्रद्धा पेनीहून तसूभरही कमी नव्हती. श्रद्धा ठेवली म्हणून घोडा जिंकला असे हा चित्रपट गॉस्पेल गाण्यांच्या साथीने सांगतो, तेव्हा पहाटे छत्री घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाची तो नकळत थट्टा करतो. सुरुवातीला बायबलातला ईयोब आणि शेवटाकडे ‘ओ हॅपी डे’! घोडा धावतोय तो स्नायूंच्या जोरावर, हे क्षणभर विसरायला होते.

याच भाबडेपणातून दुसरी चूक होते. शॅम या प्रतिस्पर्धी घोड्याचा ट्रेनर पडद्यावर छाती बडवणारा खलपुरुष झाला आहे. शॅमसारखा घोडा दुसऱ्या एखाद्या सालात जन्मता तर डर्बी त्याचीच होती. असा घोडा ज्याच्याकडे आहे त्याने बढाई मारली तर त्यात नवल ते काय?

पुस्तकातले माझ्या मते सर्वांत सरस प्रकरण आहे वुड मेमोरियल शर्यतीचे. दिनांक २१ एप्रिल १९७३. भाग विकून दोनच महिने झालेले, डर्बी दोन आठवड्यांवर. सेक्रेटेरिएट तिसरा आला. पहिला आला अँगल लाइट, म्हणजे लॉरीनच्याच हाताखालचा दुसरा घोडा, आणि दुसरा शॅम. स्वतःच्या विजयाने इतका हिरमुसलेला ट्रेनर वाङ्मयात दुसरा सापडणार नाही. कारण पुढे कळते: घोड्याच्या ओठाच्या आत गळू झाले होते, लगाम ओढला की दुखत होते. पण ज्या संध्याकाळी ते ठाऊक नव्हते, ती संध्याकाळ नॅक घाईने संपवत नाही. बोल्ड रूलरचे रक्त अखेर उलटले काय, हा प्रश्न जो तो मनात धरून बसला आहे. नॅक स्वतः त्या वसंतात रोज पहाटे तबेल्यात जाऊन बसत होता. वहीत किरकोळ गोष्टी टिपत होता, घोडा कसा उभा राहिला, मोतद्दार एडी स्वेट त्याच्याशी काय बोलला. म्हणून त्याच्या लेखणीला भीतीचे बारकावे सापडतात. चित्रपटातही गळू आहे, परंतु तिथे ते रहस्यकथेतल्या चावीसारखे येते. चावी फिरली, कुलूप उघडले, चला डर्बीला.

चित्रपटावर मी अन्याय करीत आहे काय? काही अंशी असेन. बेलमाँटची शर्यत त्याने चांगली दाखवली आहे. माल्कोविचचा लॉरीन तर बघण्यासारखा. भडक कपड्यांत तो भित्रेपणा लपवतो आणि मामा त्याच्याकडे पाहून दोनदा ‘अगदी असाच होता आमचा’ म्हणाला. टर्कॉटच्या भूमिकेत खरा जॉकी घेतला आहे, त्यामुळे घोड्यावरचा माणूस घोड्यावर बसल्यासारखा दिसतो. आपल्या ऐतिहासिक चित्रपटांतले सरदार आठवा, म्हणजे याचे मोल कळेल. आणि शेवटी मैदान मोकळे होत जाते, मागे कुणीच उरत नाही, तेव्हा दिग्दर्शकाला सुबुद्धी होते. ३१ घोड्यांच्या लांबीचे अंतर आणि २ मिनिटे २४ सेकंद! हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. त्या दिवशी सेक्रेटेरिएटवर लावलेल्या दोन डॉलरना फक्त दोन डॉलर वीस सेंट मिळत होते, आणि ५,६१७ जिंकलेली तिकिटे लोकांनी वटवलीच नाहीत, आठवण म्हणून घरी नेली. घोड्यातला सर्वांत लहान भाग म्हणावा तो हा. चित्रपटाला या माणसांत एक प्रसंग सापडला असता.

चित्रपट बेलमाँटवर संपतो, पण भागीदारांची गोष्ट तिथून सुरू होते. दिवाळीच्या अंकात सगळे खुलासे करता येत नाहीत, पण क्लेबोर्नला गेल्यावर घोड्याची जी तपासणी झाली, तिच्यात तो बाप होण्याइतका वयात आला आहे की नाही, याचीच शंका निघाली. साठ लाखांवर डॉलर, आणि हा निरोप! शेवटी एका ठिपकेदार जातीच्या सामान्य घोडीला १९७४च्या नोव्हेंबरात त्याचे पहिले शिंगरू झाले आणि सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढे त्याची पोरे पळाली. त्याची मुलगी लेडीज सीक्रेट १९८६ साली वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरली, मुलगा रायझन स्टार याने १९८८ साली प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकली. पण बापासारखा एकही झाला नाही, आणि लोक मोजत होते ते बापाच्याच मापाने. १९८९च्या ऑक्टोबरात खुरांच्या आजाराने तो गेला. त्यानंतर ध्यानात येऊ लागले, की त्याची खरी कमाई मुलींच्या पोटी आहे. ए. पी. इंडी आणि स्टॉर्म कॅट हे दोन्ही घोडे त्याच्या मुलींचे मुलगे. पैकी पहिल्याने १९९२ साली बेलमाँट जिंकली, आणि दोघांचीही नावे शर्यतींच्या घोड्यांच्या वंशावळींत आज ठायी ठायी दिसतात.

हे सर्व मी मामाला फराळाच्या ताटावर सांगितले. त्याने चकलीचा तुकडा मोडला आणि म्हटले, “म्हणजे लेकींनी घर राखले.” आतून मामी म्हणाली, “मग? घोड्यांत निराळे असते की काय?” मामाने पुस्तक मागून घेतले. त्याला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही, तरी भिंग लावून चार महिने वाचत होता. पुस्तक परत आले तेव्हा एकाच प्रकरणाच्या कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या, वुड मेमोरियलच्या.