सुगरणीचा खोपा आणि बालवर्ग

बालवर्गांत पक्ष्यांची ओळख करून देण्यासाठीं ज्या ‘कृति’ रूढ झाल्या आहेत, त्यांतील पुष्कळशा आम्हांस त्या नांवास पात्र वाटत नाहींत. बाईंनीं कापून दिलेल्या कागदी चिमणीवर मुलांनीं कापूस चिकटवावा, साऱ्या चिमण्या एकसारख्या दिसाव्या, आणि त्या भिंतीवर लावून पाठ संपवावा! यांत हातांस काम मिळतें; डोळ्यांस मात्र सुट्टीच असते.

याउलट सुगरणीच्या खोप्याचा पाठ पाहा. पक्ष्याचें नांव स्त्रीलिंगी. त्यांतून १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘बहिणाबाईंची गाणी’ या संग्रहानें घरोघरीं पोंचलेल्या कवितेंतही खोपा बांधणारी ती आईच. वस्तुतः विणतो तो नर. पावसाळ्यांत डोक्यावर व छातीवर पिवळा रंग चढलेला हा पक्षी गवताच्या, भाताच्या पात्यांचे लांब धागे चोचीनें फाडून आणतो. एका खोप्यास अशा शेंकडों खेपा लागतात. खोपा अर्धा झाला कीं मादी येऊन पारखते. तिला पसंत पडला तर नळीसारखें दार पुरें होतें. एरवीं तो बहुधा तसाच लोंबत राहतो.

हें सारें वर्गानें विहिरीकांठच्या बाभळीखालीं घटकाभर उभें राहून आधीं पाहावें. मग मुलांच्या हातीं ओलें गवत द्यावें, व एक हात पाठीशीं ठेवून दोनच बोटांनीं त्याची गांठ मारण्यास सांगावें. त्यांत जी फजिती होईल, तोच खरा पाठ होय. पाहणें आधीं, करणें मागाहून; हा क्रम उलटला कीं कृतीचा खेळ होतो.

मग कविता शिकवूं नये काय, असें कोणी विचारील. अवश्य शिकवावी. इवल्याशा चोचीची कारागिरी पाहून माणसास आपल्या हातांची आठवण व्हावी, हा तिचा गाभा नरमादीच्या भेदानें तसूभरही ढळत नाहीं. दोष आहे तो काव्यासच प्राणिशास्त्र समजणाऱ्या अध्यापनाचा. खोपा कोण विणतो, या प्रश्नास पांच वर्षांच्या मुलानें ‘पिवळा बाबा’ असें उत्तर दिलें, आणि तें चूक ठरलें, तर त्या दिवशीं तें मूल पक्ष्यांविषयीं कांहींच शिकत नाहीं. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवूं नये, एवढेंच शिकतें. ही हानि कापसाच्या कितीही चिमण्यांनीं भरून येणारी नाहीं.